रिळाचा किलोमीटर

आमच्या शिवणाच्या दुकानात खिडकी एकच, आणि त्या खिडकीत मशीन एकच मावतं. गेली दोन वर्षं तिथे माझ्या थोरल्या जाऊबाई बसतात. मी मागे, इस्त्रीच्या टेबलाशेजारी, जिथे काळ्या कापडावर काळा दोरा म्हणजे सगळं अंदाजपंचे. माझे डोळे आता पहिल्यासारखे राहिले नाहीत. पण हे बोलायची सोय नाही. जाऊबाई लगेच म्हणतील, मग तू बटणंच लाव.

खिडकीचा निकाल दरवर्षी शर्यतीत लागतो. पाच किलोमीटर, पण पहिला येणारा जिंकत नाही. आपल्याला किती वेळ लागेल ते आधी लिहून द्यायचं आणि घड्याळाशिवाय धावायचं. आम्हा दोघींत जिचा आकडा खऱ्याच्या जवळ, तिची खिडकी.

आकडा काढायला सराव हवा आणि सरावाला मोजलेला रस्ता. जाऊबाई हुशार. नव्या रिळावर हजार मीटर दोरा असतो. तो त्यांनी पहाटे नदीकाठच्या कठड्यालगत उलगडला, दोन्ही टोकांना निळ्या खडूने खुणा केल्या, आणि वाया जाऊ नये म्हणून सगळा दोरा माझ्याकडून परत गुंडाळून घेतला.

दोन महिने या खुणेपासून त्या खुणेपर्यंत पाच खेपा. त्या पुढे, मी मागे, आयत्या बिळावर नागोबा. त्यांना साडेएकतीस मिनिटं लागायची, मला छत्तीस. आम्ही तेच लिहून दिलं. "मागच्या वर्षी माझी चूक चार सेकंदांची होती हो," त्यांनी मला सहज ऐकवलं.

मला टाके मोजायची खोड, म्हणून धावतानाही पावलं मोजते. एका खेपेला अकराशे. शर्यतीत अकराशे झाली तरी पहिल्या किलोमीटरची पाटी दिसेना. ती आली आणखी सव्वाशे पावलांनी. शर्यतवाल्यांना साधं मोजता येत नाही म्हणून मी मनात शिव्या घालत होते, तेवढ्यात दवाखान्याचे पडदे आठवले. चौदा पडदे. त्यांच्या कडा मी त्याच रिळाने शिवल्या होत्या आणि रीळ गुपचूप नव्यांच्या रांगेत ठेवून दिलं होतं.

म्हणजे आमचा किलोमीटर नऊशे मीटरचा. या चालीने मला चाळीस मिनिटं लागणार होती. जाऊबाई पुढे ऐटीत चालल्या होत्या, त्यांना काय ठाऊक. मी जीव खाऊन पळाले.

छत्तीस मिनिटं चाळीस सेकंद. जाऊबाईंना पस्तीस लागली, म्हणजे चूक साडेतीन मिनिटांची. खिडकी माझी! मनात नुसत्या उकळ्या फुटत होत्या.

जाऊबाई फुटपाथच्या कडेला बसून बुटाची नाडी सोडत होत्या. नाडी सुटत नव्हती.

"दोन महिने एकाही दिवशी चुकले नाही," त्या म्हणाल्या. "आज पाय ओढतच आणले असणार. वय झालं गं. पुढच्या वर्षी मी नाही धावणार."

गप्प राहिले असते तर खिडकी जन्माची मिळाली असती. पण त्यांचा चेहरा बघवेना.

"ताई, तुमच्या पायांना काही झालेलं नाही. रीळ अपुरं होतं. मीच वापरलं होतं."

त्यांनी बोटांवर हिशोब केला. मग माझ्याकडे नीट पाहिलं.

"हे तुला कधी कळलं?"

"पहिल्या पाटीपाशी."

"आणि मला सांगितलं नाहीस."

"तुम्ही पुढे होतात. ओरडायला दम कुठे होता?"

"पळायला बरा होता," त्या म्हणाल्या आणि एका झटक्यात नाडी सोडून उठल्या. घरी जाईपर्यंत माझ्या चार पावलं पुढेच चालत राहिल्या.

सोमवारी दुकानात गेले तर माझं मशीन खिडकीत, आणि त्याच्याशेजारी वेटरांच्या बावीस काळ्या पँटी. जाऊबाई मागच्या अंधारात पांढरे फ्रॉक शिवत होत्या.

"उजेड ज्याचा, काळं कापड त्याचं," त्या मान वर न करता म्हणाल्या. "तरीच तुझे काळे टाके वाकडे पडायचे. डोळ्यांचं मला आधी सांगितलं असतंस, तर एवढं पळावंही लागलं नसतं."

मी सुई उजेडाकडे धरली. पहिल्याच खेपेत दोरा ओवला गेला.