गारगोटीची धूळ

बुधाला तिसऱ्यांदा क्षयाच्या गोळ्या सुरू झाल्या, तेव्हा त्याची मुलगी आशा नाशिकला नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला होती. साल दोन हजार एक. बुधा सुरगाण्याकडचा. भात आवरलं की जीपमध्ये कोंबून घेऊन खाली यायचा आणि शहराबाहेरच्या गारगोटी दळायच्या कारखान्यात पावसाळ्यापर्यंत राबायचा. अशी नऊ वर्षं गेली. आता हातपंपापर्यंत जाऊन यायला त्याला दोनदा बसावं लागे. कारखान्याच्या दवाखान्यातले डॉक्टर दर वेळी तेच सांगत, "टीबी आहे. आणि बिड्या सोडा."

थुंकी तीनदा तपासली होती. तिन्ही वेळा जंतू सापडले नव्हते. आणि बुधानं जन्मात बिडी ओढली नव्हती. तो पावरी वाजवायचा. डोंगऱ्यादेवाच्या उत्सवात ती लांब पावरी तोंडाला लावली की गालात हवा धरून, नाकानं श्वास घेत, तो सूर तुटूच द्यायचा नाही. बिड्या फुंकणाऱ्याच्या छातीला ते झेपलं नसतं.

डिसेंबरमध्ये दीपमाला मॅडमनी वर्गात श्वसनसंस्था शिकवायला घेतली. "नाकातले केस मोठी धूळ अडवतात," त्या सांगत होत्या. "पुढे श्वासनलिकांना आतून बारीक लव असते. ती सारखी हलत राहते आणि चिकट कफात अडकलेला कचरा वर घशाकडे ढकलते. पण नळ्यांना फाटे फुटत फुटत शेवटी वायुकोश येतात, तिथं ही लव नाही. तिथं कचरा गिळायला पेशी असतात."

आशा उभी राहिली. "मॅडम, कचरा दगडाचा असला तर? गारगोटीचा. पिठाहून बारीक."

मॅडमनी खडू खाली ठेवला. "मग गिळणारी पेशीच मरते. धूळ मोकळी होते, दुसरी पेशी ती गिळते, तीही मरते. तिथं व्रण धरतात, फुप्फुस कडक होत जातं. सिलिकोसिस. एक्स-रेत ठिपके दिसतात, बहुतेक वरच्या भागात, दोन्हीकडे. पुष्कळदा लोक त्यालाच टीबी समजतात."

"गोळ्यांनी बरं होतं?"

"नाही."

आशाला रडू आलं नाही. तिची कानशिलं तापली. गोळ्यांनी बापाला भरल्या ताटावरून उठून ओकताना तिनं पाहिलं होतं. नऊ वर्षांत कुणी त्याला नाकाला बांधायला साधं फडकं दिलं नव्हतं.

शनिवारी ती बुधाला घेऊन कारखान्याच्या दवाखान्यात गेली. बाहेर कामगारांची रांग होती, भुवया-पापण्यांवर पांढरी धूळ बसलेली. आशानं आत जाऊन एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरला.

"हे ठिपके कशाचे?"

"क्षयाचे."

"तीन वेळा जंतू सापडले नाहीत तरी?"

"कधीकधी सापडत नाहीत." डॉक्टरांनी तिच्या गणवेशाकडे पाहिलं. "कितव्या वर्षाला आहात?"

"पहिल्या. पहिल्या वर्षाला मला कळलं ते तुम्हाला कळत नसेल, असं मला वाटत नाही. तुम्हाला कळतं. म्हणून तर धुळीऐवजी बिड्या लिहिता."

बुधानं तिची ओढणी धरली. "आशे... चल. साहेब... हायत ते." एवढ्या पाच शब्दांना त्याला दोनदा थांबून श्वास घ्यावा लागला, आणि आशाचा उरलासुरला धीर संपला.

"मोठ्या दवाखान्याला चिठ्ठी द्या. त्यात लिहा, नऊ वर्षं गारगोटीच्या धुळीत काम."

"तपासणीसाठी पाठवतो एवढंच लिहीन. धूळ लिहायला सांगू नका."

"धूळ लिहा."

ती दारातच उभी राहिली. मुकादम कोंडाजी धावत आला, "बाई, बाहेर व्हा" म्हणाला. तिनं त्याच्याकडे पाठ केली आणि एक्स-रे रांगेतल्या लोकांपुढे धरला. कुठली धूळ नाक अडवतं, कुठली खोकल्यानं बाहेर पडते आणि कुठली कधीच पडत नाही, ते तिनं साध्या शब्दांत सांगितलं. तिचा आवाज चढलेला होता, पण एकही शब्द चुकला नाही. रांगेतली सरुबाई पुढे आली. "माझा बी काढा तसला फोटू," ती म्हणाली. मागून लहानू म्हणाला, "माझा बी." कोंडाजी कुणाकुणाला आवरणार?

डॉक्टरांनी धूळ लिहिली.

मोठ्या दवाखान्यात सिलिकोसिसच निघाला. रांगेतल्या सात जणांनी एक्स-रे काढले, पाच जणांच्या फुप्फुसांत ठिपके होते. कारखान्यानं महिनाभर तोंडाला बांधायला फडकी वाटली, मग तीही बंद केली. सरुबाई गावी निघून गेली. लहानू ठिपके घेऊन परत दळणावर उभा राहिला. आशा त्याच्यावर ओरडली, तेव्हा तो एवढंच म्हणाला, "घरी बसून काय खाऊ, ताई?" ते खरं होतं, आणि त्याचाही तिला राग आला.

गोळ्या थांबल्या त्या दिवशी बुधानं विचारलं होतं, "म्हंजी ती धूळ आतच ऱ्हानार?"

"हो, बा."

त्यानं उरलेल्या गोळ्यांची पुडी हातात घेतली. मग म्हणाला, "मंग एवढ्या गोळ्या... मी कशाला खाल्ल्या?"

दोन वर्षांनी, भिंतीला टेकून बसल्या बसल्या तो गेला. मृत्यूच्या दाखल्यावर आधी 'दमा' लिहिलं होतं. आशानं तो कागद परत केला आणि 'सिलिकोसिस' लिहिलेला दुसरा हाती येईपर्यंत दाखला लिहिणाऱ्याच्या टेबलासमोरून हलली नाही.