धवलारणीच्या डोक्यातला बदाम

मी एक बदाम बोलतोय. खायचा नव्हे, मानपाड्याच्या शालूच्या डोक्यात, कानाच्या आतल्या बाजूला बसलेला. आकाराने बदामासारखा, म्हणून बदाम; डॉक्टर मला अमिग्डला म्हणतात. माझा जोडीदार दुसऱ्या कानाकडे असतो. काम एकच, धोका वाटला की बोंब मारायची. चौकशी करायला वरचा शहाणा मेंदू आहे.

शालू आगऱ्यांची धवलारीण, लग्नात धवले गाणारी. तिच्या गाण्याशिवाय गावात हळद लागत नसे. तिचा आवाज चढला की मीसुद्धा निवांत पडून असायचो.

मग एका दुपारी शेजारच्या केमिकल कंपनीत स्फोट झाला. खिडक्यांच्या काचा घरभर उडाल्या. मी अशी बोंब मारली की शालू अनवाणी थेट रस्त्यावर! जीव वाचला. पण तेव्हापासून प्रत्येक मोठा आवाज मला तोच वाटू लागला. दार आपटलं, ओरडलो. कुकरची शिट्टी झाली, ओरडलो. तिचे हातपाय थरथरत, घशातून सूर फुटेना.

घरची माणसं मायेची. नवऱ्याने, काळुरामने, कुकर माळ्यावर टाकला. भात टोपात शिजू लागला. शालूने लग्नांना जाणं सोडलं. मला वाटलं, एवढा बंदोबस्त करतात म्हणजे धोका खराच असणार! मी आणखी सावध झालो.

अशात लेकीचं, कृतिकाचं लग्न ठरलं.

"माजे पोरीची हलद दुसरीनी गावाची?" म्हणत शालू रडली. कृतिकाने तिला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाईंनी गोळ्या दिल्या आणि म्हणाल्या, "आधी कुकर खाली काढा."

मग रोज शिट्टी. कृतिका आईचा हात धरून बसे. मी ओरडायचो, भात शिजायचा, कुणाला काही होत नसे. हळूहळू माझा आवाज बसू लागला.

हळदीला फटाके नाहीत, असं काळुरामने भावकीला बजावलं. गाव नावं ठेवील, हे ठाऊक असूनही. शालूने पहिला धवला धरला आणि पुतण्या विकीने आनंदाच्या भरात फटाक्यांची माळ लावलीच.

मी जिवाच्या आकांताने ओरडलो. सूर तुटला.

"आई, राहू दे गं," कृतिकाने हळदीच्या हातांनी तिला धरलं.

शालूने मोठा श्वास घेतला. "कुकर हाय गो," ती म्हणाली, आणि तुटला तिथूनच धवला उचलला.

मी अजून कामावर आहे. तुमच्याही कानाशी आहे. माझ्या बोंबेने कुणी थरथरलं तर त्याला भित्रा म्हणू नका, त्याचा कुकरही लपवू नका. शेजारी बसा. त्या संध्याकाळी मी शेवटपर्यंत ओरडत होतो, आणि शालू शेवटपर्यंत गात होती.