फिटनेसची सही

बस डेपोच्या दवाखान्यात नवी डॉक्टर रुजू होऊन तिसराच दिवस होता. समोर बसलेला ड्रायव्हर तिचा सख्खा मामा. तिने त्याच्या दंडाला रक्तदाबाचा पट्टा दुसऱ्यांदा आवळला. पारा दोनशे दहा.

"मामा, डोकं दुखतंय?"

"कुणाचं दुखत नाही? फिटनेसवर सही कर. गाडीत चाळीस माणसं खोळंबलीत."

"नाही करणार."

मामा हसला, मग तिचा चेहरा पाहून त्याने हसू गिळलं. "आईला काय सांगशील? मामाच्या पोटावर पाय दिला म्हणून?"

तेवढ्यात डेपो मॅनेजर दारात आला. "मॅडम, आधीचे डॉक्टर दहा मिनिटांत दहा जणांना मोकळं करायचे. गाडी रद्द झाली तर वरून विचारणा होईल."

"माझं नाव सांगा. आणि मामाला लगेच मोठ्या हॉस्पिटलात न्यायचंय. गाडी द्या."

मॅनेजर पाय आपटत बससाठी दुसरा ड्रायव्हर शोधायला गेला. मामा फुरंगटून बाहेरच्या बाकावर जाऊन बसला. हॉस्पिटलला फोन लावून तिने चिठ्ठीसाठी त्याची फाइल उघडली. तीन वर्षं, प्रत्येक तपासणीत एकशे वीस, ऐंशी. तीच शाई, तेच वळण. पट्टा कुणी बांधलाच नव्हता.

बाहेर पाण्याचा पेला खाली पडला.

ती धावली. मामाचा उजवा हात लुळा लोंबत होता, तोंड वाकडं झालं होतं. "गाडी..." तो कसाबसा म्हणाला. तिने घड्याळ पाहिलं, झटका आल्याची वेळ तळहातावर लिहिली. डेपोच्या जीपने बाविसाव्या मिनिटाला ते हॉस्पिटलात होते.

उपचार वेळेत झाले. आठवड्याने हात हलला; स्टिअरिंग मात्र कायमचं सुटलं. मामा दोन महिने तिच्याशी धड बोलला नाही.

आईने पाठ थोपटली, पण तिला ती शाबासकी झोंबली. तीन वर्षांपूर्वी कुणी पट्टा बांधला असता, तर रोजच्या एका गोळीवर भागलं असतं. मामा आजही गाडी चालवत असता.

तिने डेपोतले बासष्ट ड्रायव्हर तपासले. एकोणीस जणांचं प्रेशर चढलेलं. त्यातल्या सोळा जणांना पत्ताच नव्हता. मॅनेजर अजूनही कुरकुरतो. परवा एक ड्रायव्हर तिची नजर चुकवून निघाला, तेव्हा मशीन काखोटीला मारून ती सुरू झालेल्या बससमोर जाऊन उभी राहिली.

"बाही वर करा," ती म्हणाली.