हनुवटीखालचा उजेड

लंडनला येऊन जोस्टचा सर जोसेफ झाला, आणि सर झालेल्या माणसाला काळ्या कपड्यातली आई चालत नाही. म्हणून त्याच्या आईला, हॉलंडमधल्या हार्लेमच्या आलीदाला, एकाहत्तराव्या वर्षी चित्रात मेंढपाळीण व्हावं लागणार होतं. अंगात सोनेरी साटीन, उघडा गळा, मांडीशी कोकरू.

"आई, इथल्या सगळ्या थोर बायका अशीच चित्रं काढून घेतात."

"एवढ्या जणी मेंढरं राखतात, तरी लोकर महागच."

चित्रकार वॅडलोच्या चित्रशाळेत भिंतीला सात चित्रं टेकवलेली होती. सातही साटिनात, सातही बिनडोक्याची. वॅडलो फक्त चेहरा काढायचा, तोही एका बैठकीत. बाकीचं सगळं त्याचा हाताखालचा लुबर्ट पेटीतल्या एकाच झग्यावरून आधीच रंगवून ठेवायचा.

"तुमचं पाचवं," वॅडलो म्हणाला.

"खाटीक निदान मुंडी आणि धड एकाच जनावराचं देतो," आलीदा म्हणाली.

नातवंडं हार्लेमला कधी जाणार नव्हती. आलीदा मेली की भिंतीवरची ही कोकरूवाली त्यांची आजी ठरणार होती. तिला सलत होतं ते एवढंच.

ती बसली ती गळ्यात ताटाएवढी, चुण्यांची पांढरी गळपट्टी घालून.

"ती काढा, बाईसाहेब."

"मान आखडते हो. चित्रात कुठं येणार आहे ती?"

"राहू दे मग." गळ्याखालचं वॅडलोच्या खात्यात नव्हतंच. नजर मात्र त्याची चोख होती. दिसेल ते तो इमानाने काढायचा. आलीदा चार तास जराही हलली नाही. चाळीस वर्षं खळ घालून गळपट्ट्या ताठ केलेल्या बाईला पक्कं ठाऊक होतं, की पांढरं कापड खिडकीचा उजेड उचलून हनुवटीखाली फेकतं.

महिन्याभराने चित्र जेवणघरात लागलं, पाहुणे जमले. खाली सावलीतलं सोनेरी साटीन, उघडा गळा काळोखात, आणि वर हनुवटी लख्ख.

"सर जोसेफ," एका नगरपित्याची बायको म्हणाली, "आईसाहेबांनी झग्यात मेणबत्ती ठेवलीय का?"

सगळं टेबल हसलं. जोस्ट ताटात बघत राहिला.

दुसऱ्या दिवशी चित्र परत चित्रशाळेत गेलं, सोबत आलीदा आणि जोस्टही. पुन्हा बैठक द्यायला तिने साफ नकार दिला; मान आखडली होती. लुबर्टने हनुवटी निरखली, मग तिच्याकडे पाहिलं आणि हार्लेमच्या बोलीत हळूच म्हणाला, "मावशी, हा उजेड कुठून आला ते कळलं मला."

"मग जिथून आला ते रंगव. त्याखाली माझं काळं. आणि त्या कोकराला घरी पाठव."

"आई, लोक काय म्हणतील?" जोस्ट कुरकुरला.

"काल काय म्हणाले ते ऐकलं की मी."

आठवड्यात उघड्या गळ्यावर पांढरी गळपट्टी आली, साटीन काळ्या रंगाखाली गेलं. कोकराच्या जागी खुर्चीचा हात आला. आलीदाने चित्र जवळून तपासलं.

"हे हात कोणाचे रे?"

"इथल्या स्वयंपाकिणीचे. बदलू का?"

तिने लाल, सुजरी बोटं पाहिली.

"राहू देत. कामाचे दिसतायत."