चिक्कनगेरे युवक संघाचा नवा सभासद

शिडीच्या शेवटच्या पायरीवर उभं राहून नागनाथने सुतळीचं एक टोक दातांत धरलं आणि दुसऱ्या टोकाने फ्लेक्सचा कोपरा खांबाला आवळला. युवक संघाचा अध्यक्ष दयानंद खालून मान वर करून बघत होता.

"ए बीदर, स्वल्प खाली घे. माझं डोकं झाडात जातंय."

खालची पोरं हसली. फ्लेक्सच्या मधोमध हात जोडलेला दयानंद होता आणि त्याच्याभोवती बांगडीएवढ्या गोलांमध्ये संघाच्या प्रत्येक सभासदाचा चेहरा. दुसऱ्या दिवशी राज्योत्सवाचं, म्हणजे राज्याच्या स्थापनादिनाचं, रक्तदान शिबिर होतं. गेल्या वर्षीचा फ्लेक्सही नागनाथनेच बांधला होता. त्याचा चेहरा त्यातही नव्हता.

तो बीदर जिल्ह्यातल्या औरादचा. घरात मराठी, शाळेत कन्नड. होसकोटेच्या एका कारखान्यात माल पाठवण्याच्या विभागात लागला आणि खोली स्वस्त मिळाली म्हणून चिक्कनगेऱ्यात राहायला आला. कन्नड त्याला चांगलं येत होतं, पण ते तिकडच्या वळणाचं. इथल्या दुकानात तोंड उघडलं की समोरचा हिंदीत उत्तर द्यायचा. गावात एक मोटरसायकल चोरीला गेली, तेव्हा भाड्याने राहणाऱ्या सगळ्या पोरांना आधार कार्डं घेऊन पिंपळाच्या कट्ट्यासमोर जमिनीवर बसवलं होतं. नागनाथच्या शेजारच्या खोलीतला पोरगा, तोही भाडेकरूच, पाणी पिऊन येतो म्हणून उठला आणि परत आलाच नाही. त्याला कुणी हटकलं नाही. त्याच्या अंगात संघाचा पिवळा टी-शर्ट होता.

त्यानंतर संघाचं एकही काम नागनाथने चुकवलं नाही. गटारं उपसली, जत्रेत पाणी वाटलं, शाळेची भिंत रंगवली. सभासद करून घ्या, असं त्याने दयानंदला आडवळणानेही सांगितलं आणि सरळही.

"करू की. पळून चाललाय का संघ?" दयानंदचं उत्तर ठरलेलं असे.

शिबिरात रक्त देऊन नागनाथ बाकावर बिस्कीट खात बसला होता, तेव्हा दयानंद त्याच्या शेजारी येऊन टेकला. बोलणं नेहमीसारखं कन्नडमधूनच झालं, पण पहिल्यांदाच त्याने नावाने हाक मारली.

"नागनाथ, तळ्याकाठच्या झोपड्यांत राहतात ते तुमच्याकडचेच ना?"

"हो, अण्णा. काही भालकीचे, काही औरादचे."

"तिथे आपल्याला मैदान करायचंय. महादेवपुऱ्याची एक कंपनी खर्च करायला तयार आहे, पण आधी मोकळी जागा दाखवा म्हणते. आम्ही सांगायला गेलो की त्या लोकांना काही कळतच नाही. तू सांगितलंस तर ऐकतील."

नागनाथने हातावरचा कापूस अंगठ्याने दाबून धरला.

"ते जाणार कुठे, अण्णा?"

"आले तेव्हा आपल्याला विचारून आले होते?" दयानंद हसला. मग पिशवीतून त्याने घडी घातलेला पिवळा टी-शर्ट काढून नागनाथच्या मांडीवर ठेवला. "थोडा ढगळ होईल. आणि एक चांगला फोटो पाठव. पुढच्या फ्लेक्सला घेऊ."

त्या झोपड्यांपैकी एक तानूबाईची होती. ती बांधकामावर बिगारी करायची. गेल्या पावसाळ्यात नागनाथला डेंग्यू झाला, तेव्हा बरा झालास की ये, असं म्हणत घरमालकाने खोलीला कुलूप घातलं होतं. तानूबाईने त्याला आपल्या पत्र्याच्या खोपीत निजवलं आणि ताप उतरेपर्यंत स्वतः बाहेर चुलीपाशी झोपली. "औरादचा हाईस म्हणजे माझ्या माहेरचाच की," एवढंच कारण तिने दिलं होतं.

रविवारी दुपारी ते तळ्याकडे निघाले. दयानंद, संघाची चार पोरं आणि नागनाथ. सगळ्यांचे टी-शर्ट पिवळे. वाटभर नागनाथ मनात मराठी वाक्यं जुळवत होता. सुरुवात 'मावशी'पासून होती. त्याच्यापुढचं काही जुळत नव्हतं.

माणसांची चाहूल लागली तशी तानूबाई पदराला हात पुसत बाहेर आली. त्याला बघून तिचा चेहरा सैल झाला.

"अगं बाई, नागनाथा! मला वाटलं कोण की आलेत. बस की. आन् हे काय नवं घातलास रे? लई भारी दिसालास."

पोरांपैकी कुणीतरी खाकरलं. दयानंदने हाताची घडी घातली.

"अम्मा," नागनाथ कन्नडमध्ये म्हणाला, "ही जागा गावाची आहे. इथे मैदान होणार. महिनाअखेर खाली करा."

'अम्मा' त्याने बाजारात अनोळखी भाजीवालीला म्हणतात तसं म्हटलं होतं. उच्चारही इथल्या वळणाचा, स्वच्छ. तानूबाई हसत होती. कामापुरतं कन्नड तिला कळायचं, पण बरोबरच्यांना दाखवायला बोलतोय, खरं काय ते आता सांगेल, अशा समजुतीने ती थांबली. मग तिने आवाज खाली आणला.

"मराठीत सांग की रे, लेकरा. काय झालंय?"

नागनाथने तिच्या खांद्यावरून मागच्या पत्र्याकडे बघत तीच वाक्यं पुन्हा म्हटली. कन्नडमध्ये, त्याच क्रमाने.

तानूबाईने डोक्यावरचा पदर पुढे ओढला. पुन्हा त्याच्याकडे बघितलं नाही. खोपींच्या रांगेकडे वळून तिने हाक दिली.

"सामान बांधा गं. गावचे लोक आलेत."

आतून भांड्यांचे आवाज येऊ लागले. दयानंद नागनाथच्या कानाशी वाकला.

"काय म्हणाली?"

"सामान बांधा म्हणाली."

"आणि नंतरचं?"

"एवढंच, अण्णा."