सिस्टरांच्या टेबलाजवळचं स्टूल

मित्रांनो, मी एक जुनं लाकडी स्टूल आहे. एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी, डोक्यावर हातमोज्यांचे खोके आणि जागा दवाखान्याच्या दाराशी. पूर्वी असं नव्हतं.

सुताराने मला बुटकं केलं ते मोठ्या सिस्टरांच्या सांगण्यावरून. "आजारी माणसाला चढावं लागता कामा नये," असं त्यांनी बजावलं होतं. त्यांनी मला आपल्या टेबलाला अगदी खेटून ठेवलं. नव्या नर्सना त्या माझ्याजवळच शिकवत. शिकवत कसल्या, गातच! ताप सांगत, खोकला सांगत, औषध सांगत आणि प्रत्येक वेळी बोट वर करून थांबत. मग साऱ्या मुलींनी एका सुरात म्हणायचं, "आणि घरी काय आहे?" पाणी कुठून येतं, खिडकी आहे का, दिवसा लेकराजवळ कोण असतं, हे सगळं त्या चार शब्दांत यायचं.

"सिस्टर, ताप थर्मामीटरमध्ये दिसतो, घरात नाही," एक धाकटी नर्स हसत म्हणाली.

"दिसतो की गं बाई! आधी माणसाला बसव तर खरं. समोर देव आलाय, त्याला उभा ठेवशील?"

मोठ्या सिस्टर निवृत्त झाल्या. रांग वाढली. उभ्याने माणसं लवकर हलतात असं ठरलं आणि माझी रवानगी दाराशी झाली. टेबलाशी आता तीच धाकटी नर्स बसू लागली.

एके सकाळी एक आई पोरीला कडेवर घेऊन आली. पोरीची छाती घरघरत होती. आधी दिलेल्या औषधाने उतार नव्हता.

"दिवसातून तीनदा द्यायचं सांगितलं होतं ना?"

"हो, पण सिस्टर..."

"फ्रिजमध्ये ठेवलं होतंत?"

"ठेवलं होतं."

"मग द्यायला काय झालं? स्वतःच्या लेकराचं एवढंही होत नाही तुमच्याने?"

कार्डावर लिहिलं गेलं, 'आई औषध नियमित देत नाही.' तशीच दुसरी बाटली हातात पडली. चला, पुढचा!

जाताना तिने पिशवी माझ्यावरच्या खोक्यावर टेकवली आणि पोरीलाच सांगितलं, "फ्रिज शेजारच्या काकूंचा. त्या सकाळी घराला कुलूप लावून जातात, थेट संध्याकाळीच येतात. मी तीनदा कुठून देऊ गं बाळा?"

मी ऐकलं. पण मित्रांनो, लाकडाला कान फुटले तरी तोंड फुटत नाही.

पाच दिवसांनी ती आई एकटीच आली. तिने टेबलावर बाटली ठेवली, अर्ध्याहून जास्त भरलेली. "पोर गेली. हे कुणाच्या लेकराच्या कामी आलं तर बघा." मग फ्रिजचं, कुलपाचं सारं सांगितलं, एखाद्याला रस्ता सांगावा तितक्या शांतपणे.

नर्स धावत दाराशी आली. तिने खोके खाली लोटले आणि मला उचलून टेबलाशी नेलं. "बसा हो ताई. बसा ना."

"आता कशाला?" ती म्हणाली आणि उभ्याउभ्याच निघून गेली.

दुपारी मी पुन्हा दाराशी, खोके पुन्हा डोक्यावर. रांग लांब होती.

मित्रांनो, तुमच्यातलं कुणी उद्या त्या टेबलामागे बसेल. समोरच्याला आधी बसवा, घरी काय आहे ते विचारा, आणि वेळेत विचारा. मी दाराशीच आहे. उचलायला फार जड नाही.