दुकानावरचं व्हिरालोझ

आमच्या सँ-मार्सू गावात व्हिरालोझ आडनावाची एकच पाटी आहे आणि तीसुद्धा एका दुराँच्या दुकानावर, असं सोलांझ येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. दुराँ म्हणजे मिरेय, तिची भावजय, माहेरची दुराँ. चौकातलं चीजचं दुकान मिरेयचं. त्याच्या शेजारी माझं घर आणि माझ्या पलीकडे सोलांझचं. त्यामुळे दोघींचंही बोलणं मला ऐकावंच लागायचं.

सोलांझ जन्माची व्हिरालोझ. गिल्बेर मार्तँशी लग्न झालं आणि ती मार्तँ झाली. मार्तँ फ्रान्समध्ये पैशाला पासरी. आमच्याच पठारावर तीन गिल्बेर मार्तँ आहेत आणि एकाचं टपाल हमखास दुसऱ्याकडे जातं. त्याच वर्षी सोलांझच्या भावाने, रेजिसने, मिरेयला लग्न करून घरी आणलं. दुराँही काही कमी नाहीत. पण लग्नानंतर मिरेयला ते आडनाव मिळालं जे या पठाराबाहेर कोणी ऐकलेलंही नव्हतं.

"मी एका दाराने बाहेर पडले आणि ती दुसऱ्या दाराने आत आली," सोलांझ म्हणायची. "माझा कोट खुंटीवर होता, तो तिने चढवला."

पाच वर्षांपूर्वी रेजिस हृदयविकाराने गेला. मूलबाळ नव्हतं. मिरेय एकटीने दुकान चालवू लागली आणि तिने दारावर निळ्या अक्षरांत मोठी पाटी लावली, व्हिरालोझ. उन्हाळ्यात पर्यटक तिचे फोटो काढत. ते कॅमेरे बघायला नकोत म्हणून सोलांझ पाव आणायला चर्चच्या मागून वळसा घालून जायची.

मागच्या वसंतात रोदेझहून रेडिओवर काम करणारा लासाल नावाचा माणूस आला. दुर्मीळ आडनावांवर त्याचा कार्यक्रम असे. त्याने कॅफेत शिरून विचारलं, "इथे व्हिरालोझ कोणी भेटेल का?"

कॅफेत त्या वेळी गिल्बेर बसला होता. सोलांझचा सख्खा नवरा. त्याने पेल्यातून तोंड वर न काढता बोट दाखवलं, "समोर. चीजचं दुकान."

त्या दुपारी त्यांच्या घरातून जे ऐकू आलं ते मी सगळं सांगत नाही.

"तुझ्या शेजारी पस्तीस वर्षं कोण झोपतंय?" सोलांझ विचारत होती.

"मादाम मार्तँ," गिल्बेर म्हणाला. "त्याने मार्तँ विचारलं असतं तर तुझ्याकडेच पाठवला असता."

"दोन पावलं टाकून घरी यायचं होतंस. मी त्याला सगळं सांगितलं असतं. छपरांचं, दगडांचं, सगळं."

छपरांचं म्हणजे तिने स्वतः जमवलेलं. आमच्याकडच्या बोलीत छपरावरच्या दगडी पाटीला लोझ म्हणतात आणि विरा म्हणजे फिरवणं, उलटवणं. व्हिरालोझ म्हणजे छपरं शाकारणारे, पाट्या उलटून पुन्हा बसवणारे. सोलांझला हे इतकं पक्कं ठाऊक होतं की जुन्या घरांची छपरं दाखवून ती म्हणे, ही आमच्या माणसांनी घातली. कुणी घातली याचा पुरावा कुठेच नव्हता, पण तिला कोणी अडवत नसे.

कार्यक्रम रविवारी सकाळी होता. स्वतःच्या घरी रेडिओ लावणं म्हणजे हार मानणं, म्हणून ती माझ्या स्वयंपाकघरात आली. मी बटाटे सोलत होते. "सहज आले," म्हणाली आणि रेडिओजवळची खुर्ची ओढली.

लासाल चांगलं बोलला. सगळ्या देशात मिळून आता चाळीसेक व्हिरालोझ उरलेत, म्हणाला. इथले मुलगे पॅरिसला कॅफे चालवायला गेले, तिकडेच राहिले. मुली लग्न करून दुसऱ्या नावांत गेल्या. गावच्या युद्धस्मारकावर पाच व्हिरालोझ कोरलेले आहेत आणि गावात आज एकच राहते, तीही सून.

"सून," सोलांझ माझ्याकडे बघून म्हणाली. "बरं झालं, निदान ते तरी बोलला."

मग मिरेयचा आवाज आला. शांत, थोडा घोगरा. "लोक समजतात छपराचे दगड. पण माझे सासरे वेगळं सांगायचे. लोझ नाही, आलोझ. म्हणजे चंडोल. त्यांचे आजोबा लाकडाच्या तुकड्यावर आरशाच्या काचा चिकटवून तो दोरीने गरगर फिरवायचे. उन्हात काचा चमकल्या की चंडोल खाली यायचे, बघायला. वर जाळं तयारच असायचं. चंडोल फिरवणारे, म्हणून व्हिरालोझ. त्यात मोठेपणा काही नाही, सासरे म्हणायचे. आम्ही पाखरांना फसवून पोट भरलं."

मी चाकू खाली ठेवला. सोलांझचे ओठ पांढरे पडले होते. दुकानाच्या पाटीवर ती रागवायची तेव्हा मला गंमत वाटायची. आज वाटली नाही.

"बाबांनी हे मला कधीच सांगितलं नाही," ती म्हणाली.

कार्यक्रम संपायच्या आत ती उठली. मी एप्रन न काढताच तिच्या मागे गेले.

दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. मिरेय तारेने चीजचा मोठा गोळा कापत होती. सोलांझला बघून तिने तार बाजूला ठेवली. सोलांझ त्या दुकानात पाच वर्षांत पहिल्यांदाच आली होती.

"तुला हे कधी सांगितलं त्यांनी?"

"शेवटच्या हिवाळ्यात. रात्रभर झोप नसायची त्यांना. बोलत बसायचे."

"मला का नाही सांगितलं?"

"तू रविवारी यायचीस, केक घेऊन," मिरेय म्हणाली. "तू छपरांचं बोलायचीस. ते हो हो म्हणायचे. तू गेलीस की मला म्हणायचे, राहू दे, तिला दगड आवडतात."

"माझं नाव घेतलंस ते घेतलंस, आता गोष्टही घेतलीस."

"तुझं नाव कुणी घेतलं गं? कायद्याने तू जन्मभर व्हिरालोझच आहेस. ओळखपत्रावर तुझ्या फोटोशेजारी तेच आहे, मार्तँ त्याच्या खाली आहे. मी नुसतं वापरते. तुला कोणी मना केलं होतं?"

खरं होतं ते. लग्नानंतर सगळ्या जणी जे करतात तेच तिनेही केलं होतं. कोणी सांगितलं नव्हतं आणि कोणी अडवलंही नव्हतं.

मग मिरेय काउंटरच्या अलीकडे आली. "आणि हेवा काय तुलाच करता येतो? तीन हिवाळे मी त्यांचे पाय धुतले. कपडे बदलले, चमच्याने सूप पाजलं. शेवटच्या महिन्यात ते मला मिरेय म्हणायचेच नाहीत. सोलांझ म्हणायचे. उशी नीट कर सोलांझ. खिडकी लाव सोलांझ. पहिल्यांदा मी सांगितलं, मी मिरेय आहे. तेव्हा ते घाबरले, म्हणाले, मग माझी सोलांझ कुठे गेली? त्यानंतर मी ओ देत राहिले."

"हे मला कुणी सांगितलं नाही."

"मी रेजिसलाही सांगितलं नाही. चंडोलांचं त्यांनी मला सांगितलं असं तू म्हणतेस. मला काय माहीत ते कुणाला सांगत होते? सांगताना नाव तुझं घेत होते."

सोलांझ तिथल्या स्टुलावर बसली. ती रडेल असं मला वाटलं, पण ती तशी बाई नाही.

"कसं फिरवायचे म्हणाले?" तिने शेवटी विचारलं. "ते लाकूड."

मिरेयने खिळ्याला टांगलेली बांधायची दोरी घेतली, लाटण्यासारख्या एका लाकडाला गुंडाळली आणि ओढून दाखवली. लाकूड काउंटरवर दोन गिरक्या घेऊन पडलं.

"असं नसेल," सोलांझ म्हणाली. "दे इकडे."

घरी माझे बटाटे तसेच पडले होते, मी निघाले. दुपारी चौकातून गेले तेव्हाही ती आतच होती.

दोघी मैत्रिणी झाल्या असं मात्र कोणी समजू नये. सोलांझ आता आठवड्यातून एकदा दुकानात जाते आणि तासभर सासऱ्यांच्या, म्हणजे बाबांच्या, गोष्टी विचारते. मिरेयला काही जास्त आठवलं की सोलांझ परत येताना धुसफुसत असते. "त्यांना कुठल्या बाजूवर झोप लागायची तेसुद्धा तिला ठाऊक आहे," ती मला म्हणाली, "आणि मला नाही." मिरेयने पाटी बदलायची तयारी दाखवली होती. सोलांझ नको म्हणाली. पण आपल्या टपालपेटीवर तिने रंगाने आडनाव लिहून घेतलं, व्हिरालोझ, वर, आणि मार्तँ खाली.

टपालपेटी रंगवली त्या संध्याकाळी गिल्बेर माझ्याकडे आला. कॉफी दिली, ती त्याने थंड होऊ दिली.

"पस्तीस वर्षं मार्तँ चालत होतं की," तो म्हणाला.

"अजून आहे की खाली."

"हो, खाली," तो म्हणाला, आणि खिडकीतून मिरेयच्या दुकानाकडे बघत बसला.